जुन्या संगणकाचा वेग कुठे अडतो?

कमोडोर कंपनीचा अमिगा १२०० हा घरगुती संगणक १९९२ साली आला. प्रोसेसर साधारण १४ मेगाहर्ट्झचा. हौशी मंडळी आजही त्यात ५० मेगाहर्ट्झचं ॲक्सिलरेटर कार्ड बसवतात. म्हणजे वेग साडेतीनपट? मुलं हे गणित पटकन करतात. तिथेच विचारा, प्रोसेसरला माहिती कुठून मिळते? मूळची २ एमबी मेमरी चित्र-आवाजाच्या चिप्ससुद्धा वापरतात, त्यामुळे प्रोसेसर ताटकळतो. म्हणून कार्डावर स्वतंत्र ‘फास्ट रॅम’ हवीच. नुसती ती जोडली तरी मूळ प्रोसेसरसुद्धा जवळपास दुप्पट वेगाने चालतो!

मशीन मधूनच अडकलं तर लगेच कार्डाला दोष देऊ नका. जुन्या पॉवर सप्लायचे ५ व्होल्ट वाढत्या भाराने खाली येतात, ते आधी मोजा. मग कार्डाच्या जोडणीच्या पट्ट्या पुसा. गळके कपॅसिटर मात्र जाणकाराकडूनच बदलून घ्या.