यात्रेतील घोड्यांच्या तात्पुरत्या तबेल्याची जमीन

मार्गशीर्ष पौर्णिमेस, दत्तजयंतीला, नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी यात्रा सुरू होते व तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेतही घोडे विक्रीस येतात. अशा ठिकाणी जनावरे कित्येक दिवस उघड्या रानात मांडवाखाली बांधलेली असतात. छप्पर, चंदी, वैरण व साज यांची तजवीज मालक चोख करतो. पायाखालच्या जमिनीचा विचार मात्र बहुधा राहून जातो. घोड्याची किंमत त्याच्या चालीवर ठरते, आणि चाल बिघडण्यास ही जमीनच पुष्कळदा कारण होते.

पूर्ण वाढलेला घोडा दिवसाकाठी सुमारे पाच ते दहा लिटर मूत्र व पंधरा ते वीस किलो लीद टाकतो. वाळूमिश्रित जमिनीत हे मूत्र खाली झिरपून जाते. काळ्या जमिनीत तसे होत नाही. ती ओली होताच फुगते, तिच्यातील भेगा व छिद्रे मिटतात आणि मूत्र वरच साचून टापांखाली त्याचा राडा होतो. खुराच्या तळाशी मधोमध एक मऊ त्रिकोणी भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत हा राडा बसला की हवेवाचून वाढणारे जंतू तेथे माजतात व खूर कुजू लागतो. काळा स्राव व उग्र दुर्गंधी ही त्याची पहिली खूण होय; लंगडणे पुढचे. शिवाय मूत्रापासून अमोनिया वायू सुटतो. गुडघ्याइतके खाली वाकल्यावर माणसाच्या डोळ्यांत पाणी आले, तर बसलेल्या घोड्याच्या नाकपुड्यांत काय जात असेल याची कल्पना येईल.

यावर पेंढ्याचा थर वाढवीत जाणे हा सर्रास केला जाणारा उपाय निरुपयोगी आहे. आधी मूत्राला वाट करून द्यावी, मग अंथरूण घालावे.

जागा आजूबाजूपेक्षा उंच निवडावी. वरची भुसभुशीत माती खरडून काढावी व तीवर सहा इंच मुरूम पसरून, थोडे पाणी शिंपडून, धुमसाने घट्ट ठोकावा. मागील बाजूस दहा फुटांत दोन इंच उतार ठेवून तेथे वीतभर खोल चर काढावा व तो जागेपासून दूर न्यावा. दुसरा चर मांडवाभोवती असावा, म्हणजे अवकाळी पावसाचे पाणी आत येणार नाही. बांधलेल्या एका घोड्यास दहा फूट लांब व सहा फूट रुंद जागा धरल्यास एक ब्रास मुरमात अशा तीन जागा होऊन थोडा मुरूम उरतो. चार मालकांनी मिळून ट्रॉली आणविल्यास खर्च फारसा जाणवत नाही.

नदीची वाळू मऊ असते व पाणीही सोडते. परंतु तीवर वैरण टाकल्यास वाळू पोटात जाऊन पोटशूळ उठतो. वाळू वापरावयाची तर चंदी तोबऱ्यातून व वैरण गव्हाणीतूनच द्यावी. शहाबादी फरशी ओली झाली की नाल मारलेला घोडा तीवर घसरतो. लाकडी फळ्यांच्या फटीत पाय अडकून मोडण्याचे भय असते, म्हणून त्या मुळीच वापरू नयेत. ताडपत्रीवर मूत्र साचते. रबरी चटया उत्तम खऱ्या, पण ठोकलेल्या सपाट मुरमावरच. कच्च्या मातीवर त्या सरकतात आणि त्यांच्याखाली घाण कुजते.

अंथरुणास भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड चालते. ते कोरडे व बुरशीरहित असावे, कारण बुरशीच्या धुळीने घोड्यास खोकला व दमा जडतो. घोडी मूत्र मागे टाकते, घोडा पोटाखाली. नराच्या जागेत मधल्या भागी थर अधिक जाड ठेवावा. ओला भाग रोज सकाळी काढून टाकावा आणि खुराच्या खाचा दिवसातून एकदा तरी कोरून साफ कराव्यात. हे काम मोतद्दारावर सोपविले तरी मालकाने स्वतः खूर उचलून पाहावा.

धनुर्वाताचे बीजाणू मातीत व लिदीत असतात आणि खिळा लागलेल्या खुरातून ते सहज शिरतात. म्हणून मुरूम पसरताना खिळे, तारा व काचा वेचून काढाव्यात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घोडेमालकांना यात्रेस निघण्याच्या पुष्कळ आधी पशुवैद्यकाकडून लस टोचून घेण्यास सांगावे, कारण लसीचा गुण यावयास काही आठवडे लागतात. यात्रा संपल्यावर लीद व अंथरूण एकत्र रचून, ओल राखून, मधूनमधून खालीवर केल्यास चांगले खत होते. शेत भाड्याने घेतले असल्यास मुरूम उचलून नेण्याचे मालकाशी आधीच ठरवावे. काळ्या रानात तो राहिला तर नांगरटीस आड येतो.