निलंबित परवाना आणि गाडीचा विमा

प्रश्न : परवाना निलंबित असताना पेण-रोहा रस्त्यावर मोटार चालवली म्हणून शिक्षा झाली. आता विमा मिळेल का? (एक वाचक, रोहा)

उत्तर : मिळेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार तृतीय पक्षाचा विमा सक्तीचाच आहे आणि खासगी मोटारीसाठी त्याचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. कलम 182 खालच्या शिक्षेने तो वाढत नाही. खरी काळजी दाव्याची करा. पॉलिसीतलं बारीक अक्षरातलं ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ वाचा : अपघाताच्या वेळी चालकाकडे वैध परवाना हवा, तो अपात्र ठरलेला नसावा. निलंबनाच्या काळात गाडी ठोकली, तर तिच्या दुरुस्तीचा दावा इथेच अडतो. मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात संरक्षणही.

तुम्ही म्हणाल, जखमीला तर कंपनीच पैसे देते. देते, आणि द्यायलाच हवेत. 2004 च्या स्वर्णसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने जखमीचा हक्क जपला. पण मालकाकडून वसुलीची वाटही त्याच निकालाने मोकळी ठेवली. मालकाची चूक कंपनीने सिद्ध करायची असते, हे खरं. मात्र स्वतःचाच परवाना निलंबित असल्याचं ठाऊक नव्हतं, असं तुम्ही कसं म्हणणार? वडखळजवळ एखाद्या दुचाकीस्वाराला धडक बसली, तर भरपाई लाखांत जाऊ शकते. निलंबन संपल्याची पेणच्या आरटीओत खात्री होईपर्यंत स्टिअरिंग घरातल्या दुसऱ्या परवानाधारकाच्या हाती द्या.