टनाचा दर आणि दिवसाची मजुरी

दसरा-दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांत भिल्ल कुटुंबेही असतात. संघटनेच्या बैठकीत दरवाढ मागितली जाते, घोषणा होतात. पण वही घेऊन हिशोब मांडणारा क्वचितच दिसतो. वस्तीवर प्रौढवर्ग घेणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी गणित इथूनच शिकवावे, असे मला वाटते. दुकानदाराकडच्या आंब्यांची उदाहरणे पुरे झाली.

जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखान्यांचा संघ आणि कामगार संघटना यांच्यात तडजोड झाली व तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. टनाला सुमारे २७३ रुपयांचे ३६६ झाले. टक्केवारी मोठी वाटते. पण हा दर एका कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायको दोघांचा. वाढ ९३ रुपये, माणशी साडेशेहेचाळीस.

आता फळ्यावर मांडू. समजा, जोडी दिवसाला दोन टन तोडते. मिळाले ७३२ रुपये, माणशी ३६६. मुकादमाकडून उचल एक लाख घेतली असेल, तर ती फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागेल. म्हणजे एकही दिवस न चुकता १३७ दिवस! यात फडावरचा किराणा धरलेलाच नाही. पट्टा पडतो तेव्हा अंगावर बाकी का राहते, हे बायांना एवढ्या भागाकारात लगेच कळते.

पुढे वजन. टनामागे ५० किलो कमी धरले गेले, तर त्या २७३ टनांत जवळजवळ चौदा टनांची तोड फुकट, म्हणजे आठवडाभराचे काम. खोट्या तागडीविषयी नीतिसूत्रांत काय आहे ते आपल्या मंडळीला सांगायला नको. मात्र काट्यावरची पावती मागून जपून ठेवली, तरच संघटनेला तक्रार सिद्ध करता येते.

मग खाडा. आजारपणात काम बुडाले आणि ५०० रुपये दंड बसला, तर त्या दिवसाचा तोटा ५०० नव्हे, १,२३२ रुपये. दुखणे अंगावर काढण्यामागे हा हिशोब असतो.

बायांच्या दुखण्याचीही गणती व्हावी लागते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भपिशवी काढली जाते, अशी चर्चा वर्षानुवर्षे होती. २०१९ मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. सहा जणींमागे साधारण एक. 'पैकी' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. नुसते १३,८६१ म्हटले, तर कोणीही म्हणेल, एवढ्या मोठ्या जिल्ह्यात असायच्याच.

म्हणून यंदा टोळी निघण्यापूर्वी एक वही द्या. रकाने पाचच: तारीख, किती कोयते, पावतीवरचे वजन, खाडे, घेतलेली रक्कम. आजारी किती, हे लिहिताना एकूण माणसे किती होती तेही लिहायला सांगा. वही शक्यतो टोळीतल्या शिकलेल्या सुनेकडे असावी. मुकादमाच्या नातलगाकडे नको.