एका बिलात लपलेली चार बिले

मागच्या वर्षभरात तुमच्या घरचे इंटरनेटचे बिल कधी भरायचे राहिले का? बहुतेक नाही. ते राहिले की संध्याकाळपर्यंत घरात आरडाओरडा होतो. आता दुसरा प्रश्न. त्याच वर्षात पोस्टातल्या आवर्ती ठेवीचा, म्हणजे आरडीचा, एखादा हप्ता चुकला का? इथे पुष्कळजण जरा थांबून उत्तर देतात. हप्ता चुकला म्हणून घरात कोणी ओरडत नाही. दर 100 रुपयांच्या हप्त्यामागे महिन्याला 1 रुपया दंड बसतो. चार हप्ते चुकले की खाते बंद पडते, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा सुरू करून घ्यावे लागते. हे सगळे गुपचूप घडते.

घरखर्चात कुठे हात आखडायचा याचा विचार करताना आपण भाजी, दूध, रिक्षा यांकडे आधी पाहतो. इंटरनेट, फोन आणि टीव्ही यांचे एकत्र बिल मात्र विजेच्या बिलासारखे धरून चालतो, जणू ते कमी होऊच शकत नाही. ते होते. कसे, ते या पाठात एका घराच्या हिशोबावरून पाहू.

पॅक सोडवून पाहा

समजा, बडोद्यातले एक मराठी कुटुंब आहे. आजोबा-आजी, आई-वडील, नोकरीला लागलेला मुलगा आणि बारावीतली मुलगी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक एकत्र पॅक घेतला: 200 एमबीपीएस वेगाचे ब्रॉडबँड, त्यावर लँडलाइन, सेटटॉप बॉक्सवर टीव्ही, शिवाय तीन ओटीटी. किंमत महिन्याला 1,099 रुपये. (या घराच्या हिशोबातले आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावातले, तुमच्या कंपनीचे दर वेगळे असतील.)

पहिली गोष्ट, 1,099 ही बिलाची रक्कम नव्हेच. तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. तो 198 रुपये होतो आणि खात्यातून जातात 1,297. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा आणि पासबुकात दिसणारा आकडा यांत असा फरक असतो. हिशोब नेहमी पासबुकातल्या आकड्याचा करावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या 1,297 रुपयांत चार वस्तू आहेत, पण कोणत्या वस्तूला किती पैसे पडतात हे बिलावर दिसत नाही. वाण्याने डाळ, तांदूळ, साबण आणि अत्तर एका पिशवीत बांधून एकच किंमत सांगितली, तर आपण पिशवी उघडून पाहू. इथे ती उघडत नाही, कारण एकच बिल सोयीचे वाटते. खरे तर सोय आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की त्या सोयीचे महिन्याला किती मोजतो?

त्यासाठी एक आठवडा वही ठेवा. टीव्हीजवळ एक, कोणीही लिहील अशी. कोणी काय पाहिले, कशावर पाहिले, लँडलाइन किती वेळा उचलली. कंपनीच्या ॲपमध्ये महिन्याचा डेटा किती जीबी वापरला तेही दिसते, तो आकडा वहीत उतरवा. कुणाला बोल लावण्यासाठी ही वही नाही, हे घरात आधीच सांगून टाका. नाहीतर आजी संध्याकाळची मालिका लपवून पाहतील आणि हिशोब चुकेल.

आपल्या बडोद्याच्या घरात आठवड्याअखेरीस वहीत असे निघाले: आजी-आजोबा तीन मराठी वाहिन्या पाहतात. बातम्या आणि जुने हिंदी सिनेमे मोफत वाहिन्यांवर पाहिले जातात. मुलगी यूट्यूबवर शिकवणीचे व्हिडिओ पाहते. लँडलाइनवर दोन फोन झाले. तीन ओटीटींपैकी एक मुलगा पाहतो, आणि तेच ओटीटी त्याच्या मोबाईलच्या रिचार्जबरोबरही मिळालेले आहे! एकाच वस्तूचे दोनदा पैसे जात होते आणि दोन्ही बिले वेगवेगळ्या माणसाच्या खात्यातून जात असल्यामुळे ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

किती वेग लागतो

वेगाच्या बाबतीत आपली सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून इथे थोडे थांबू. एका पडद्यावर एचडी दर्जाचे चित्र न अडखळता दिसायला साधारण 5 एमबीपीएस वेग पुरतो. घरात एकाच वेळी चार पडदे चालू आहेत असे धरले तरी 20 झाले. त्यात मोबाईलवरचे संदेश, एखादा व्हिडिओ कॉल मिळवला तरी 30-40 एमबीपीएसच्या जोडणीत असे घर आरामात चालते. फोरके टीव्ही असेल तर गणित बदलते, त्या एका पडद्यालाच 15 ते 25 लागू शकतात. तुमच्या घरात फोरके टीव्ही आहे का, आणि असल्यास त्यावर फोरके चित्र खरोखर लावले जाते का, एवढे पाहा.

"पण आमच्याकडे 200 असूनसुद्धा आतल्या खोलीत चालत नाही," असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, आणि तिथे 400 घेतले तरी चालणार नाही. राउटर बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या मागे, लाकडी कपाटात कोंबलेला असतो. तो मधल्या खोलीत, उंचावर, उघड्यावर ठेवून पाहा. हा उपाय फुकटचा आहे.

'अनलिमिटेड' हा शब्दही तपासून घ्या. बहुतेक पॅकमध्ये महिन्याची एक डेटामर्यादा असते आणि ती संपली की वेग घसरतो. एचडी चित्राला तासाला 3 जीबीपर्यंत डेटा लागतो. रोज चार तास धरले तर महिन्याला 360 जीबी. खालच्या पॅकची मर्यादा तुमच्या वहीतल्या आकड्यापेक्षा बरीच वर आहे ना, एवढे पाहून घेतले की झाले.

टीव्हीचा डबा आणि मराठी वाहिन्या

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांची एक खास अडचण असते. केबल किंवा डीटीएचचा पॅक त्या त्या राज्याच्या भाषेप्रमाणे बांधलेला असतो. बडोद्यात गुजराती-हिंदी, हैदराबादेत तेलुगू, बंगळुरूत कन्नड. मग आजीच्या दोन-तीन वाहिन्यांसाठी 'सगळे काही' असलेला सर्वांत महाग पॅक घेतला जातो.

याची गरज नसते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2019 पासून लागू केलेल्या व्यवस्थेत प्रत्येक सशुल्क वाहिनी सुटी घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि तिची किंमत जाहीर केलेली असते. बिलाचे दोन भाग पडतात: एक नेटवर्क क्षमता शुल्क, म्हणजे जोडणीचे भाडे म्हणा, आणि दुसरा निवडलेल्या वाहिन्यांची किंमत. मोफत वाहिन्या भाड्यातच येतात. हे भाडे सुरुवातीला 100 वाहिन्यांना जास्तीत जास्त 130 रुपये होते, पुढे 2020 च्या दुरुस्तीने तेवढ्याच रकमेत 200 वाहिन्या आल्या. जुलै 2024 मध्ये ट्रायने वरची मर्यादा काढून टाकली. त्यामुळे आता कंपनीगणिक भाडे वेगळे असू शकते. ते विचारूनच पुढे जा. सशुल्क वाहिनी संचात घालायची तर तिची सुटी किंमत 19 रुपयांहून जास्त असून चालत नाही. पुष्कळ लोकप्रिय वाहिन्या नेमक्या 19 रुपयांना का असतात, याचे उत्तर इथे आहे.

आपल्या घराने तीन मराठी वाहिन्या सुट्या घ्यायचे ठरवले: 19, 19 आणि 12, मिळून 50 रुपये. भाडे 130 धरले तर 180, जीएसटीसह 212 रुपये. ज्या घरात फक्त दूरदर्शन आणि मोफत वाहिन्याच पाहिल्या जातात, तिथे डीडी फ्री डिशही पुरते. 2004 पासून चालू असलेल्या या प्रसार भारतीच्या सेवेला मासिक वर्गणी नाही, तबकडी आणि डबा यांचा खर्च एकदाच, आणि डीडी सह्याद्री तिच्यावर दिसते. पण आजीची आवडती मालिका सशुल्क वाहिनीवर असेल तर फ्री डिशचा आग्रह धरू नका. दिवसभर घर सांभाळणाऱ्या माणसाची अर्ध्या तासाची करमणूक महिन्याला 22 रुपयांत, कर धरून, मिळत असेल तर ती उधळपट्टी नाही.

ब्रॉडबँडचा 40 एमबीपीएसचा पॅक लँडलाइनसह 499 रुपयांना, जीएसटी धरून 589. टीव्हीचे 212. दोन्ही मिळून 801. आधीच्या 1,297 मधून वजा केले तर महिन्याला 496 रुपये वाचतात.

मात्र एक खर्च सांगायचा राहिला. जुन्या पॅकबरोबरचा सेटटॉप बॉक्स कंपनीचा होता, तो परत द्यावा लागणार. नव्या डीटीएच जोडणीला समजा 1,500 रुपये पडले, तर पहिल्या तीन महिन्यांची बचत त्यातच जाईल. वर्षभरात घर बदलायचे असेल, तर आहे तीच कंपनी ठेवून तिचाच छोटा पॅक घेणे शहाणपणाचे.

आजोबांचा मोबाईल

आजोबांच्या फोनवर 28 दिवसांचे, रोज डेटा देणारे 299 रुपयांचे रिचार्ज मारले जाते. वर्षात अशी 13 रिचार्ज होतात, 12 नव्हे. म्हणजे 3,887 रुपये. आजोबा इंटरनेट वापरतात ते घरच्या वायफायवर.

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने नियम केला की कंपन्यांनी डेटा नसलेले, फक्त बोलणे आणि एसएमएस यांचे पॅकही द्यावेत, आणि त्यांची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. जानेवारी 2025 पासून असे पॅक बाजारात आले. ते ॲपच्या पहिल्या पानावर सहसा दिसत नाहीत, शोधावे लागतात. वर्षाचा असा पॅक समजा 1,850 रुपयांना मिळाला, तर 2,037 रुपये वाचले, म्हणजे महिन्याला 170 च्या आसपास. या पॅकमध्ये बँकेचा ओटीपी एसएमएसने येत राहतो. घराबाहेर मात्र आजोबांना ॲपवरून यूपीआयने पैसे देता येणार नाहीत. ते रोज भाजी यूपीआयने घेत असतील तर हा पॅक त्यांच्या कामाचा नाही.

घरात एखादा जादा नंबर असेल आणि तो बंदच करावा असे वाटले, तर आधी तो कोणकोणत्या बँक खात्याला, आधारला, पोस्टाच्या खात्याला जोडलेला आहे ते पाहा आणि तिथे दुसरा नंबर नोंदवा. वापराविना पडलेला नंबर कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि तुमच्या खात्याचे संदेश त्याच्याकडे जाऊ लागतात. चार पैसे वाचवायच्या नादात हे होऊ देऊ नका.

कंपनीला फोन

पॅक खाली आणायचा म्हटले की पलीकडून गोड आवाजात नवी योजना सांगितली जाते: "सर, फक्त 100 रुपये जास्त भरा, वेग दुप्पट करून देते." किंवा तीन महिने सवलत. सवलत चांगली असते, पण चौथ्या महिन्यापासून किती, हे विचारा आणि उत्तर एसएमएसवर किंवा ईमेलवर मागा. तुमचे वाक्य एकच ठेवा: "मला अमुक पॅक पुढच्या बिलापासून हवा आहे." ट्रायच्या नियमाप्रमाणे दूरसंचार सेवेतला ग्राहक आपला प्लॅन केव्हाही बदलू शकतो, आणि विनंती ताबडतोब किंवा पुढच्या बिलाच्या फेरीपासून अमलात आणणे कंपनीवर बंधनकारक आहे. वर्षाचे पैसे आगाऊ भरले असतील तर मात्र मुदत संपेपर्यंत थांबणे बरे. उरलेली रक्कम परत मिळेल का, हे आधी लेखी विचारून घ्या.

तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो, तो वहीत लिहा. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत जाता येते. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

जुन्या पॅकचे ऑटोपे लावलेले असेल तर तेही बदला. पॅक बंद केला आणि कापणी चालूच राहिली, असे होते. पैसे कापण्याआधी किमान 24 तास सूचना देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना वाचा, न वाचता पुसू नका.

वाचलेले पैसे

496 आणि 170 मिळून 666 रुपये. हे खात्यात तसेच ठेवले तर महिनाअखेरीस सापडणार नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यातले 500 रुपये, ज्या तारखेला बिल जायचे त्याच तारखेला, आरडीत जाऊ द्या. पोस्टाच्या बचत खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची सोय आहे, तिच्यासाठी शाखेत अर्ज द्यावा लागतो. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीला ऑक्टोबर 2023 पासून 6.7 टक्के व्याज जाहीर झाले. दर तीन महिन्यांनी सरकार दरांचा आढावा घेते, म्हणून खाते उघडताना चालू दर विचारा. उघडल्यावर तो पाच वर्षे तोच राहतो. 6.7 टक्क्यांनी 500 रुपयांचे 60 हप्ते, म्हणजे भरलेले 30,000, मुदतीअखेर 35,680 च्या आसपास होतात.

बडोद्याच्या घरात पहिले तीन महिने डीटीएचच्या खर्चात गेले. चौथ्या महिन्यात वडिलांनी पोस्टात जाऊन मुलीच्या आईच्या नावाने खाते उघडले, आणि उरलेल्या 166 रुपयांतून आजीसाठी आणखी एक वाहिनी घेतली.