एकच अभिक्रिया, दोन प्रकार?

प्रश्न : मी दहावीला विज्ञान शिकवते. मॅग्नेशिअमची फीत जळते, ही अभिक्रिया काही मुले ‘संयोग’ म्हणतात, काही ‘ऑक्सिडीकरण’. गुण कोणाचे कापायचे?
– एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर : बाई, कोणाचेच कापू नका. अभिक्रियांचे प्रकार म्हणजे वेगवेगळे बंद डबे, हा समजच इथे घोटाळा करतो. मॅग्नेशिअम आणि ऑक्सिजन मिळून एकच पदार्थ तयार होतो, म्हणून संयोग. मॅग्नेशिअमचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात, म्हणून ऑक्सिडीकरण. पहिले नाव मांडणी पाहून दिलेले, दुसरे इलेक्ट्रॉनांची देवघेव पाहून.

हे मुलांच्या डोळ्यांना दिसू द्या. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात घासलेला लोखंडी खिळा अर्धा तास ठेवा. खिळ्यावर तांबूस थर चढतो, निळा रंग फिकट होतो. हे विस्थापन आहे आणि रेडॉक्सही, म्हणजे इलेक्ट्रॉनांची देवघेव. मग मिठाच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाका. पांढरा अवक्षेप येतो, पण इथे आयनांची फक्त अदलाबदल होते. हे दुहेरी विस्थापन, रेडॉक्स मात्र नाही. हा फरक मुलांनी स्वतः शोधावा. पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा तो कितीतरी पक्का बसतो.

जळत्या फितीकडे थेट बघू देऊ नका. मोरचूद विषारी असतो आणि सिल्व्हर नायट्रेटने त्वचेवर काळे डाग पडतात, तेव्हा हातमोजे घाला, नंतर हात धुवायला लावा.

आणि ‘प्रकार ओळखा’ विचाराल तेव्हा ‘कशावरून?’ हेही विचारा. गुण त्या कारणाला द्या.