मांड्या दोनच

“दोन हजार? महिन्याला?” तोंडातून निघून गेलंच. पाळणाघर बघायला गेले होते आणि कोथिंबिरीच्या जुडीला करावी तशी घासाघीस केली. ताई म्हणाल्या, “बरं, पंधराशे द्या.” मोठी लढाई जिंकल्यासारखी घरी आले. तुम्हीही आला असाल.

रात्री लेकरू झोपल्यावर उगीच हिशेब मांडला. कंपन्यांमधल्या पाळणाघरांसाठी केंद्र सरकारनं 2018 मध्ये सूचना काढल्या. तीन वर्षांखालच्या दहा लेकरांमागं एक तरी बाई हवी, असं त्यात आहे. समजा, ताईंकडं दहाच लेकरं. पंधराशे प्रमाणं झाले पंधरा हजार. त्यात भाडं, लाईटबिल, खाऊ, फिनेल. उरतं काय? मग अकरावं लेकरू घ्यायचं, मग पंधरावं. मांड्या मात्र दोनच. माझे पाचशे वाचले ते ताईंच्या पदरचे नव्हते, माझ्याच लेकराच्या वाट्याच्या मांडीतले होते.

आणि आमच्या अहमदपुरात पाळणाघर शोधायला निघा, म्हणजे कळतं. “आजी आहे की घरी!” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं! आजी फुकट, म्हणून दोन हजार महाग वाटतात. आणि गिऱ्हाईक नाही म्हणून कुणी पाळणाघर काढत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्याचा हिशेब कोण लिहितं? मीही नाही लिहिला.

अंगणवाडी आहे, 1975 पासूनची योजना. खाऊ मिळतो, गाणी होतात. पण ती सुटते तेव्हा आमच्या शाळेत दुपारची घंटाही झालेली नसते. 2017 च्या कायद्यानं पन्नास माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं. शिरूर ताजबंद, किनगावकडच्या आम्हा चार-पाच मास्तरणींची, नाहीतर बाजारातल्या दुकानांची पन्नास कधी भरायची?

अंगणवाडीलाच जोडून दिवसभराचं पाळणाघर, अशी ‘पाळणा’ नावाची केंद्राची योजना आहे. चौघीजणींनी मिळून बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारून बघू या का? एकटीनं गेलं की “बघू” म्हणतात.

आणखी एक. मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणून आपण फी कापतो. ताईंचं भाडं कुठं सुट्टीवर जातं? यंदा मी कापली नाही. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून जे वाचतं, ते तिकडं वळवलं. दर महिन्याला जमतंच असं नाही, खोटं कशाला बोलू?

लेकराला घ्यायला जाताना घाई तर असतेच. दारातूनच “चल, चल” म्हणत चपला घालायच्या, दप्तर ओढायचं. दिवसभर कुणी जवळ घेतलं का, हे विचारायचं राहूनच जातं. आणि विचारलं तरी अडीच वर्षांचं लेकरू काय सांगणार? घरी आल्यावर ते नुसतं पदराला चिकटून राहतं, स्वयंपाक करू देत नाही. आपण वैतागतो.

परवा घ्यायला गेले, तर ताईंच्या मांडीवर दुसरंच कुणी झोपलेलं, आणि आमचं त्यांच्या पाठीला टेकून बसलेलं. मला बघून उठलंच नाही. क्षणभर वाईट वाटलं. मग चपला काढल्या आणि मीही तिथंच भिंतीला टेकून बसले. सहाची गाडी होती, गेली.