वुझूचे पाणी

प्रेषित मुहम्मद (स.) एका ‘मुद’ पाण्यात वुझू करीत, असे हजरत अनस (रजि.) सांगतात. मुद म्हणजे पाऊण ते एक लिटर. मशिदीच्या तोटीखाली एकदा बादली ठेवून आपला हिशेब पाहा. शेजारच्या वस्तीत त्याच वेळी टँकरची वाट पाहिली जात असते.

वापरलेल्या पाण्याने पुन्हा वुझू होत नाही, परंतु ते नापाकही नव्हे. मग ते गटारात का सोडावे? पन्हळ मोहल्ल्यातील झाडांकडे वळवावी. खर्च एका नळीचा! मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले, तर तो त्याचा सदका ठरतो, असे बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. खाणाऱ्या माणसाचा धर्म तेथे विचारलेला नाही.